तिसऱ्यांचं पाणी

"पाणी आम्ही फेकून देतो," असं मी भर सभेत सांगितलं. २०३९ सालची गोष्ट. मला कुणी दटावून बोलायला लावलं नव्हतं, माझ्या तोंडानं मी बोलले. सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण लोक हल्ली येऊन मला म्हणतात, अंजनीताई, यंत्रानं दगा दिला. यंत्रानं काही दगा दिला नाही. त्याला जे विचारलं, ते त्यानं बरोबर सांगितलं.

मी अंजनी डोर्लेकर. काळथरच्या खाडीत ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बावीस बायकांच्या गटाची मी प्रमुख. दोन शिंपांमधला तो बोटाच्या पेराएवढा जीव, त्याच्यावर आमची चूल चालते. माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. प्रमुख केलं तेही त्या जिभेसाठीच.

खाडीचं पाणी तापायला लागलं, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पलीकडच्या गावात एका घरातली तीन माणसं तिसऱ्या खाऊन गेली. तेव्हा डॉ. जस्मिन मुकादम आमच्याकडे पहिल्यांदा आल्या. रत्नागिरीकडच्याच, समुद्रातल्या जीवांवर शिकलेल्या. बाई चिखलात आमच्याबरोबर गुडघाभर उतरायच्या, म्हणून आम्ही त्यांचं ऐकायचो. बांधावर उभं राहून शिकवणारे खूप येऊन गेले होते.

त्यांनी सांगितलं ते असं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगत असतात, त्यांना प्लवक म्हणतात. बहुतेक बिचारे निरुपद्रवी, माशांचं खाणं. पण त्यांतल्या काही जाती विष तयार करतात. आमच्या खाडीत आलेली जात तसली. पाणी सोसलं नाही तर ती कवच करून तळाच्या चिखलात झोपून राहते, वर्षानुवर्षं. पाणी हवं तसं ऊबदार झालं की जागी होते, आणि काही आठवड्यांत एकीच्या लाख होतात. तिसरी दिवसभर पाणी गाळत बसते, प्लवक खाते आणि विष अंगात साठवते. तिला स्वतःला काही होत नाही.

"मग माणसालाच काय होतं?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"आपल्या नसांना बारीक दारं असतात," मुकादमबाई म्हणाल्या. "त्यांतून मिठातले कण आत गेले, की निरोप पुढे जातो. हात हलव, गिळ, श्वास घे. हे विष त्या दाराला बूच मारतं. निरोप निघतो, पण पोचत नाही. छातीचे स्नायू थांबतात आणि माणूस गुदमरतो. यावर उतारा नाही. बाहेरून श्वास देत राहायचं. विष लघवीवाटे निघून गेलं, की माणूस उठून बसतो."

"शिजवून मरत नाही का ते?"

"नाही ताई. मरत नाही, पाण्यात उतरतं."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. ते मला कुणी सांगितलंच नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्यांनी आम्हाला यंत्र दिलं. शिवणाच्या डब्याएवढं. आत काचेवर नसांच्या जिवंत पेशी वाढवलेल्या. वाटलेल्या मांसाचा अर्क त्यांच्यावर सोडायचा. पेशी हलत राहिल्या तर पडद्यावरची रेघ उड्या मारते, विष असलं तर रेघ आडवी होत जाते आणि आकडा येतो. ऐंशीच्या वर गेला की नापास. बारा मिनिटांत निकाल. आम्ही त्याला मास्तरीण म्हणायचो. पास असलं की धक्क्यावर हिरवा बावटा, नापास असलं की लाल. बावटा मी लावायचे.

पहिल्या वर्षी मास्तरणीनं आम्हाला रडवलं. ऐन हंगामात सात आठवडे लाल. बायका घरी बसल्या, दोघीतिघी आंब्याच्या कारखान्यात कामाला गेल्या. सभा झाली तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "तुमचं यंत्र कच्चं मांस तपासतं. आम्ही काय बगळे आहोत कच्चं खायला? आम्ही उकडून खातो, तर उकडलेलं तपासा."

मुकादमबाईंनी मान्य केलं. महिनाभर दोन्ही तपासलं. कच्चं दीडशे भरायचं, तेच उकडून पिळलं की पन्नासाच्या आत. पुन्हा सभा भरली, नियम बदलायचं ठरलं. कागदावर सही करण्याआधी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "उकडलेल्या पाण्याचं काय करता?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. ते पाणी रेतीचं, गढूळ. रोजच्या स्वयंपाकात आम्ही ते ओतूनच टाकतो. पण बाळंतिणीला तेच पाणी फडक्यातून गाळून, लसूण-मिरी घालून देतात, दूध यावं म्हणून. ते आमच्यात जेवणात धरत नाहीत, औषधात धरतात. समोर तालुक्याचे दोन साहेब बसलेले, त्यांच्यापुढे बाळंतपणाचं कुठे काढायचं, असंही वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला खाडी उघडून हवी होती.

"फेकून देतो," मी म्हटलं.

"तरी धक्क्यावरच्या बोर्डावर एक ओळ लिहू या का, पाणी पिऊ नये म्हणून?"

"कशाला? जे करतच नाही ते लिहून काय करायचं?"

बाया हसल्या. साहेब हसले. मुकादमबाईंनी सही केली. त्या दिवशी मी किती खूश होते, ते आठवलं की आता स्वतःची शिसारी येते.

दोन हंगाम सगळं सुरळीत चाललं. या दोन वर्षांत आमच्या वाडीत एकही बाळंतपण झालं नाही. पोरी लग्न होऊन शहरात जातात, तिकडेच बाळंत होतात. पहिलं बाळंतपण झालं ते माझ्याच घरात.

माझी सून समिधा. चिपळूणच्या वरच्या अंगाची, डोंगरातली मुलगी. तिची आई नव्हती, म्हणून बाळंतपण मी इथेच केलं. मुलगी झाली. दूध बेताचं. पोर रडून रडून काळीनिळी व्हायची आणि समिधा माझ्याकडेच बघायची. माझा मुलगा हर्षद बोटीवर गेलेला, आठ दिवस यायचा नव्हता. मीच तिची आई आणि मीच सासू.

बाराव्या दिवशी सकाळी ओहोटी होती. तिसऱ्या काढल्या, मास्तरणीला दिल्या. उकडलेलं मांस, आकडा बासष्ट. मी स्वतः हिरवा बावटा लावला. घरी येऊन लिटरभर पाण्यात तिसऱ्या उकडल्या. ते पाणी गाळलं, रेती खाली बसू दिली आणि मंद आचेवर आटवून वाटीभर केलं. माझ्या सासूनं माझ्यासाठी असंच केलं होतं. हात आपोआप चालत होते. बावटा हिरवा होता ना, मग विचार कशाचा करायचा? मुकादमबाईंचं ते वाक्य मला त्या तासाभरात एकदाही आठवलं नाही. देवाशपथ सांगते, एकदाही नाही.

समिधानं वाटी नाकाशी नेली. "आई, वास येतो हो."

"नाक दाबून पी. बाळंतिणीनं नखरे करायचे नसतात."

"पिते. तुम्ही जा, तुमचं कालवण करपेल."

मी चुलीपाशी आले. तेवढ्यात आमच्या वन्सं आल्या, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, चंद्राआत्या. वय अठ्ठ्याहत्तर, शेजारच्या खोपटात एकट्या राहायच्या. रोज दुपारी बाळाला बघायला यायच्या. बाळाशी दोन बोबडे बोल बोलून, काठी टेकत परत गेल्या. मी आत गेले तेव्हा वाटी रिकामी होती. मला बरं वाटलं.

अर्ध्या तासानं समिधानं हाक मारली. "आई, ओठांना मुंग्या येतायत."

मी हातातली पळी टाकली. ही लक्षणं मीच बायकांना पाठ करून घेतलेली. आधी ओठ, मग बोटं, मग अंग तरंगतंय असं वाटतं. "बोटं?" मी विचारलं. तिनं हात वर केला. तो वर गेला, पण तिला तो जाणवत नव्हता. बाळ तिच्या मांडीवरून घसरायला लागलं तसं मी उचललं. घशात बोटं घालून ओकायला लावलं, थोडंसं पडलं. शेजारच्या सुलोचनाला बाळ दिलं आणि तिच्या नवऱ्याच्या रिक्षातून आरोग्य केंद्र गाठलं. तिथे पोचेपर्यंत समिधाची मान धरवत नव्हती.

केंद्रातल्या डॉक्टरांनी घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा लावला. त्यांना केंद्र सोडता येत नव्हतं, एकटेच होते. ॲम्ब्युलन्समधलं श्वासाचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. त्यांनी फुगा माझ्या हातात दिला. "पाच आकडे मोजा आणि दाबा. जिल्ह्यापर्यंत दोन तास. थांबलात तर ती जाईल. काय खाल्लं होतं?"

"तिसऱ्या," मी म्हटलं.

"बावटा?"

"हिरवा."

पाण्याचं मी बोलले नाही. विसरले नव्हते. आता सगळं लख्ख आठवत होतं.

गाडी निघाली. सिस्टर तिच्या डोक्याशी बसून कानाला फोन लावून जिल्ह्याच्या डॉक्टरांशी बोलत होती, भोंगा वाजत होता. मी मोजत होते आणि दाबत होते. समिधाचे डोळे अर्धे उघडे, पापणीही लवत नव्हती. चेहरा मेणासारखा. तिचं दूध मात्र वाहत होतं. बारा दिवस जे पुरेसं येत नव्हतं, ते आता ब्लाउज भिजवून चादरीवर उतरत होतं.

मी तिच्या कानाशी वाकले. वाटलं, हिला कुठलं कळतंय. मनावरचा धोंडा कुठेतरी ठेवायला हवा होता, तो तिच्यापाशी ठेवला. "पोरी, त्या पाण्यातच होतं गं सगळं. मी सभेत खोटं बोलले, पाणी फेकतो म्हणाले. तू बरी हो, मी तुला काही कमी पडू देणार नाही. पण हे मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तर खाडी बंद होईल, बावीस घरं माझ्या नावानं बोटं मोडतील. तुलाही कळायला नको. तुला कुठलं ऐकू येतंय म्हणा." आणि फुगा दाबला. पाच आकडे. पुन्हा दाबला.

दुपारी चारला पोचलो. तिला यंत्राला जोडलं. माझ्या हातांची बोटं सुजली होती, मूठ वळत नव्हती. तिथल्या डॉक्टरीणबाई तिला तपासून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "तिच्याशी बोलत राहा. धीर द्या."

"ऐकू येतंय तिला?"

"सगळं. ज्या विषाचा आम्हाला संशय आहे, ते मेंदूला हात लावत नाही. ती पूर्ण शुद्धीवर आहे, पहिल्यापासून. फक्त बोट हलवता येत नाही, पापणी मिटता येत नाही. भिंतीत चिणल्यासारखं वाटत असेल बिचारीला."

 मी तिथेच फरशीवर बसले.

तेवढ्यात मुकादमबाईंचा फोन आला, इस्पितळातून त्यांना कळवलं होतं.  "ताई, मी तुमच्या यंत्राचे आकडे बघितले. बासष्ट आहे. उकडलेल्या मांसात एवढंच असेल तर इतकं होणारच नाही. तुम्ही खाल्लंत का?"

"चाखलं. दोन-तीन."

"तुम्हाला काही त्रास?"

"नाही."

"मग हे तिसऱ्यांचं नसेल. डॉक्टरांना सांगते, दुसरं काही शोधा म्हणून. साप, औषध, काहीतरी."

म्हणजे आता माझ्या गप्प बसण्यानं डॉक्टर भलतीकडेच शोधायला लागणार होते. मी उठले, समिधाच्या खाटेपाशी गेले. तिला ऐकू जाईल अशा बेतानं उभी राहिले आणि फोनवर सांगितलं, "बाई, ती पाणी प्यायली. आम्ही बाळंतिणीला पाणी देतो. मी सभेत खोटं बोलले होते."

 त्यांनी विचारलं, "आटवलं होतं?"

"लिटरभराचं वाटीभर."

"अरे देवा. सगळं त्यात उतरलं आणि घट्ट झालं. आणखी कोण प्यायलं?"

"कुणी नाही. एकच वाटी होती."

हेही मी तितक्याच ठामपणे सांगितलं. मुकादमबाईंनी तासाभरात बावीसही घरी फोन केले. पाणी कुणी प्यायलं नव्हतं. सगळ्यांना हायसं वाटलं. मलासुद्धा वाटलं. मी समिधाचा हात धरून बसले, म्हटलं, बघ, सांगितलं मी. तिचे डोळे छताकडे. कडेनं पाण्याची धार वाहत होती. मला वाटलं, बाळाची आठवण येत असेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तिची पापणी हलली, मग बोटं. आठ वाजता छाती आपल्या आपण वरखाली व्हायला लागली. डॉक्टरांनी नळी काढली. ती खोकली, घोटभर पाणी दिलं तेही सांडलं. मी वाकले. म्हटलं, बोलू नकोस, बाळ ठीक आहे, सुलोचना वाटीचमच्यानं दूध पाजते आहे.

तिनं मान हलवली. फाटक्या आवाजात म्हणाली, "आत्या."

"काय गं?"

"अर्धं आत्यांना दिलं. मला वास सोसेना. त्यांना आवडतं."

मी सुलोचनाला फोन लावला. म्हटलं, वन्संच्या घरी जा, आत्ता, पळत जा. फोन चालूच होता. मला तिची पावलं ऐकू आली, दार ढकलल्याचा आवाज आला, मग "आत्या, ओ आत्या" अशी दोनदा हाक आली. तिसरी आली नाही.

वन्सं खाटेवर होत्या. काठी भिंतीला टेकून नीट ठेवलेली, पांघरूण गळ्यापर्यंत घेतलेलं. अंग जड वाटतंय म्हणून आडव्या झाल्या असतील. त्यांच्याकडे फोन नव्हता, आणि दिवेलागणीला दार लोटून निजायची त्यांची सवय, त्यामुळे संध्याकाळी कुणी डोकावलंही नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी अंदाज दिला, दुपारी तीन ते चारच्या दरम्यान. मी हिशोब मांडते तो रोज एकच. केंद्रातून आम्ही दोनला निघालो. तिथे डॉक्टरांनी काय खाल्लं म्हणून विचारलं, तेव्हा मी "पाणी" हा एक शब्द बोलले असते, तर सुलोचनाला फोन गेला असता, आज इथे कोण कोण आलं होतं याची विचारपूस झाली असती, कुणीतरी त्या खोपटात गेलं असतं. मुकादमबाई म्हणतात, ताई, तसं नक्की सांगता येणार नाही. त्या चांगल्या आहेत म्हणून तसं म्हणतात.

वन्संचे दिवस झाले आणि मी सभा बोलावली. त्याच हॉलमध्ये. उभी राहून सगळं सांगितलं, सभेतलं आणि गाडीतलंही.  मी प्रमुखपद सोडलं. मास्तरणीला आता कच्चं मांसच देतात, आणि शेजारी पाण्याची वेगळी तपासणी होते. खाडी या हंगामात अकरा आठवडे बंद राहिली. काही बायका माझ्याशी बोलतात, काही रस्ता बदलतात. हर्षद घरात असतो तेव्हा माझ्या हातचं जेवतो, पण वर बघत नाही. मी कुणालाच दोष देत नाही.

समिधा मात्र माझ्याशी पूर्वीसारखीच वागत होती. "आई, भात घ्या," "आई, बाळाला जरा बघा." मला ते सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी एके दुपारी ती बाळाला पाजायला बसली होती, तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "आत्यांचं पाप तू स्वतःच्या माथी घेऊ नकोस. तू मायेनं दिलंस. केलं ते मी."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"गाडीत मी काय काय बोलले, ते तू ऐकलंस."

"हो."

"मग मला काहीतरी बोल गं. काय वाटेल ते बोल."

तिनं बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "तुम्ही म्हणालात ना, पाण्यात होतं सगळं, तेव्हाच मला कळलं. आत्यांची आठवण झाली. मी ओरडायला लागले. आत्यांकडे जा, आत्यांकडे कुणाला तरी पाठवा, म्हणून ओरडत होते मी. तुम्ही वाकलेल्या होतात, तुमचा कान माझ्या तोंडापाशी होता. दोन तास मी तुमच्या कानात ओरडत होते, आई."

एवढं बोलून तिनं बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.